मी सगळ्यांची छुट्टी केली

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४, पानिपत

आजपासून रुजू. पिंपरीत एकतीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढून निवृत्त झालेला मी, बळवंत गद्रे, वय एकसष्ट, पानिपतातल्या एका ब्लँकेट मिलचा मॅनेजर झालो आहे. चार महिन्यांपूर्वी बायको नीला आणि मी मुलाकडे, सुयशकडे, गुडगावला राहायला आलो. मला नुसतं बसून राहणं जमेना. नीलाचं म्हणणं, मला नव्हे, घरातल्या बाकीच्यांना जमेना. आठवडाभर इथे खोली, शनिवार-रविवार गुडगाव असं ठरलं आहे.

मेहुणे मारुतीराव यांचा साताऱ्याहून फोन आला. "लोक पानिपतावरून जीव घेऊन परत आले, आणि तुम्ही आपण होऊन निघालात?" हा विनोद करणारे ते अकरावे. वर, काला अंब, ते लढाईचं स्मारक, बघून फोटो पाठवा म्हणे. मी म्हटलं, आधी मिल बघू द्या.

गावात ब्लँकेटशिवाय दुसरं काही नाही. या रस्त्यावर चौदा मिल आहेत आणि चौदाही फाटकांवर एकच पाटी, 'कारीगर चाहिए'. आमच्याकडे रुसून दहाला बाहेर पडलेला माणूस अकराला समोरच्या मिलमध्ये मशीनवर उभा असतो. मालक चुघसाहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "बलवंत जी, मशीन मैं ले आऊँगा, माल मैं बेच लूँगा. आप बस बंदे रोक के दिखाओ." बंदे म्हणजे माणसं. दोन महिने माझं काम बघणार आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवणार. या वयात मला उमेदवारी!

बुधवार, ९ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत पाचजण चहाला गेले आणि परत आलेच नाहीत. कामगारांचा ठेकेदार सतबीर आहे, त्याला विचारलं तर शांतपणे म्हणतो, "साहब, सामने वालों ने कूलर लगा लिया सै." ऑक्टोबरात कूलर!

पिंपरीत माणूस नोकरीला लागला की त्याची वरात, बारसं, पोराची मुंज सगळं आम्ही बघायचो. इथे माझ्या हजेरीपुस्तकाची शाई वाळायच्या आत माणूस गायब. संतापाने मी दोनदा चहा घेतला.

शनिवार, १२ ऑक्टोबर, गुडगाव

दसरा. सूनबाई अबोलीने श्रीखंड केलं होतं, चांगलं झालं होतं. फक्त वाढताना म्हणाली, "बाबा, अजून घ्या ना, मी खूप सारं बनवलं आहे." मी सांगितलं, श्रीखंड करतात, बनवत नाहीत, आणि 'खूप सारं' ही मराठी नव्हे. तिचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे जन्म दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधला. किल्लीला चाबी म्हणते, उशीला तकिया. मुलगी गुणाची आहे, पण मराठीची पार वाट लागली आहे. मी आल्यापासून जरा सुधारते आहे.

नीला म्हणाली, "अहो, सणाच्या दिवशी तरी राहू द्या तिला." भाषेला सण नसतो, असं मी म्हणालो. सुयश उठून बाल्कनीत गेला.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आज एका माणसाबद्दल लिहायलाच हवं. लखींदर सहनी, दरभंगा जिल्हा, आमच्या रेझिंग मशीनचा मुख्य कारागीर. बारीक सुयांच्या रुळांवरून कापड जातं आणि त्यावर मऊ लव उठते, ते हे मशीन. रूळ कणभर जवळ आला तर कापड फाटतं, कणभर लांब राहिला तर ब्लँकेटचं गोणपाट होतं. लखींदर आवाज ऐकून रूळ लावतो. या मिलमध्ये सोळा वर्षं आहे. चौदा फाटकं उघडी असताना सोळा वर्षं!

मी विचारलं, इथेच का राहिलात? तो म्हणाला, "साहब, मशीन हमको पहचानता है." असं उत्तर मला पिंपरीत सुद्धा कुणी दिलं नव्हतं. घरी बायको आणि थोरला भाऊ. बायको छठचा, त्यांच्याकडच्या सूर्यपूजेच्या सणाचा, उपास धरते, छत्तीस तास पाण्याविना. दरवर्षी हा न सांगता पळून जातो, चार शिव्या खातो आणि परत येऊन मशीनवर उभा राहतो.

म्हणजे माणूस टिकवण्याचं गुपित समोर पडलं आहे आणि कुणी उचलत नाही. रजा मागितली की मालक नाही म्हणतो, म्हणून हे पळतात. पळाल्यावर परत यायची लाज वाटते, म्हणून समोरच्या फाटकात शिरतात.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

चुघसाहेबांशी तासभर वाद. ऐन मोसमात छठला जाणाऱ्या एकतीस माणसांना रजा देणं म्हणजे वेडेपणा, असं त्यांचं मत. मी म्हटलं, ते तसेही जाणारच. आपण मानाने जाऊ दिलं तर मानाने परत येतील. शेवटी म्हणाले, "ठीक है. पर सोमवार ग्यारह तारीख को रेज़िंग नहीं चली, तो जवाब आपका." मी होकार दिला. मला कायम करायचं की नाही तेही त्याच दिवशी ठरेल असं दिसतं.

माणूस वरून कडक, पण आतून बरा वाटतो. मी बसलेलो असतानाच फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अरे, उस नए अकाउंटेंट की तो मैंने दूसरे ही दिन छुट्टी कर दी." दुसऱ्याच दिवशी! आमच्या पिंपरीत नव्या माणसाला सहा महिने हक्काची रजा मिळत नसे. आणि बोलण्यात किती मोकळेपणा. 'अवकाश स्वीकृत', 'मंज़ूर' असलं कागदी काही नाही. शाळेत मी हिंदीच्या चार परीक्षा दिल्या, चारही पहिल्या वर्गात, पण हे वळण पुस्तकात मिळत नाही. कानाने उचलावं लागतं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

आज कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. नोटीस लावली असती तर वाचली कुणी असती? शब्द आधी कागदावर लिहून तीनदा म्हणून पाहिले. इथेही उतरवून ठेवतो, पुढे कामाला येतील:

"भाइयों, छठ आ रही है. मुझे मालूम है, हर साल आप लोग बिना बताए भाग जाते हो. इस साल भागने की जरूरत नहीं. जो जो गाँव जाने वाले हैं, उन सबकी मैंने छुट्टी कर दी है. चुघसाहब से भी पूछ लिया है. खुशी से जाओ. सबको छठ की शुभकामना."

परत यायची तारीख मुद्दाम घातली नाही. छठ आठ तारखेला संपते, अकराला हजर व्हायचं, हे काय सांगायला हवं? तारीख घातली की अविश्वास दिसतो.

एकतिसांनी ऐकलं, निळ्या खुणा आल्या. उत्तर एकाचंही नाही. सतबीर मात्र धावत आला. "साहब, सबकी? पक्का?" मी म्हटलं, सबकी, जो जाएगा उसकी. "लखींदर की भी?" सबसे पहले उसकी! तो डोकं खाजवत माझ्याकडे बघत राहिला, मग "ठीक सै" म्हणून लगबगीने फाटकाबाहेर गेला. चांगली बातमी आधी आपण सांगावी अशी घाई असते माणसाला.

शनिवार, २ नोव्हेंबर

दिवाळीत सुद्धा मी इथे थांबलो, मंडळींना निरोप द्यायला. आणि थांबलो ते सार्थकी लागलं.

एकेकजण आला आणि फाटकाचं ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी सांगितलंही नव्हतं! एकतीस वर्षांत रजेवर जाताना किल्ली जमा करणारा कामगार मी पाहिला नाही. कुणी फारसं बोललं नाही. हे लोक मुळात मितभाषी.

लखींदर शेवटी आला. किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "साहब, हमसे कोई गलती हुआ क्या?"

मी हसलो. "गलती? अरे, सोलह साल का काम देखकर ही तो किया! आपका तो हक बनता है."

"चुघसाहब भी बोले?"

"उन्होंने तो खुशी से हाँ कहा."

त्याचे डोळे भरून आले. मलाही गलबलून आलं. नीलाने पाठवलेले बेसनाचे लाडू होते, तो डबा मी त्याच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "घर में सबको बताना, बलवंत साहब ने दिया." त्याने वाकून नमस्कार केला. जाताना मशीनपाशी थांबला, रुळावरून हात फिरवला आणि मागे न बघता गेला.

दहा दिवसांच्या रजेवर जाणारा माणूस मशीनचा असा निरोप घेतो. मी मनात म्हटलं, चुघसाहेबांनी हे बघायला हवं होतं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

एकही आला नाही.

आठला फाटकाशी उभा राहिलो. नऊ वाजले. दहाला चुघसाहेब आले, मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि केबिनमध्ये गेले. गाडीला उशीर झाला असेल, असं मी त्यांना सांगितलं. एकतीस जणांच्या गाडीला?

लखींदरचा फोन वाजून थांबतो. बाकीचे कट करतात.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सगळे आहेत! इथेच, पानिपतात आहेत! समोरच्या मिलच्या फाटकात रांगेने शिरताना या डोळ्यांनी पाहिले. मी रस्त्याच्या या बाजूने ओरडलो, "लखींदर!" त्याने मान वर केली, मला बघितलं, हात जोडले आणि आत गेला. हात जोडले! यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी दिलेल्या मोकळेपणाचं हे फळ. त्या दिवशीचं ते डोळे पाणावणं, तो नमस्कार, सगळं नाटक. समोर जायचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून तर किल्ल्या जमा केल्या. आता उलगडा झाला. सतबीरला झापायला गेलो तर तोही दिसत नाही. समोरचा मालक त्याला आता आपला माणूस म्हणतो असं ऐकलं.

रेझिंगवर दोन नवे ठेवले. सकाळपासून चाळीस ब्लँकेटं फाडली.

शनिवार, १६ नोव्हेंबर, गुडगाव

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

जेवताना मी सगळ्यांना माणसांच्या कृतघ्नपणाबद्दल सांगत होतो. सुयश म्हणाला, बाबा, सोडा ना, यार. मला सोडवेना. मी काय प्रेमाने सांगितलं होतं ते तरी ऐका, म्हणून फोनवरचा तो संदेश लावला. तेव्हा दिसलं की ग्रुपमध्ये आता मी आणि चौकीदार दोघेच उरलो आहोत.

संदेश संपला. अबोलीने हातातला घास पानात ठेवला.

"बाबा, परत एकदा लावा ना."

मी लावला.

"बाबा, ह्याचा मतलब माहीत आहे तुम्हाला?"

"मतलब नव्हे. अर्थ," मी म्हणालो.

"अच्छा, अर्थ." ती हळूच म्हणाली. "'छुट्टी दी' म्हणजे सुट्टी दिली. पण 'छुट्टी कर दी' म्हणजे… बाबा, म्हणजे कामावरून काढून टाकलं. तुम्ही त्यांना सांगितलं आहे, की जो छठला गावी जाईल त्याला काढलं. आणि खुशीने जा."

नीला हसली. खरंच जोरात हसली, मग माझ्याकडे बघून थांबली.

मी म्हटलं, असं कसं, चुघसाहेबांनी त्या अकाउंटंटची… आणि माझं मलाच कळलं की दुसऱ्या दिवसापासून तो अकाउंटंट मी मिलमध्ये पाहिलेलाच नाही.

सोळा वर्षांच्या माणसाने विचारलं, माझी काही चूक झाली का. मी हसून म्हटलं, तुमचा हक्कच आहे. आणि लाडू दिले. मला पानात काही दिसेना. अबोली उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. त्या मुलीला मी पाच महिने शब्दाशब्दाला टोकतो आहे. मला तिची लाज वाटली, म्हणजे तिच्यासमोर माझी.

सोमवार, १८ नोव्हेंबर

चुघसाहेबांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "बलवंत जी, निकालना तो आपको चाहिए. पर सीज़न में मैनेजर कहाँ से लाऊँ?" म्हणजे माणसांच्या टंचाईने मी वाचलो. अर्ध्या तासात सगळ्या रस्त्याला कळलं. समोरच्या मिलचा चौकीदार मला बघून तोंड फिरवून हसतो.

अबोलीकडून वाक्यं तपासून घेतली आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. येईल त्या प्रत्येकाला हात जोडून सांगितलं. एकाचा विश्वास बसेना, त्याने माझ्याकडून 'छुट्टी दी' आणि 'छुट्टी कर दी' दोन्ही म्हणून घेतलं. नऊजण परत यायला तयार झाले. लखींदर टपरीवर आला नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

आज भेटला. मी बोलत होतो, तो ग्लासात बघत ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "तो हमको निकाले नहीं थे?"

"नहीं."

"और वो लड्डू?"

"वो तो लड्डू ही थे."

तो थोडा हसला, पण ते हसू टिकलं नाही. म्हणाला, गावी भावाने विचारलं, सोळा वर्षांचा माणूस असा काढत नाहीत, तू काही केलं असशील. घाटावर बायका त्याच्या बायकोला विचारत होत्या, चोरी केली की मारामारी. ती उपासाची, पाण्यात उभी. "उससे भी पूछा लोग. वो हमसे पूछी. हम क्या बोलते? हमको खुद पता नहीं था." निघेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

परत या, असं मी म्हटलं. चुघसाहेब तुमचीच वाट बघत आहेत, मशीन कुणाला जमत नाही. तो नाही म्हणाला. समोरच्याला मोसमभराची जबान दिली आहे. मला पुन्हा संताप आला, इतक्या दिवसांच्या सवयीने. पण दिलेला शब्द मोडा, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

मी विचारलं, बायकोशी फोनवर मी बोलू का? तो म्हणाला, "फोन पर कौन मानेगा साहब. लिख के दीजिए. मोहर लगा के."

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मिलच्या छापील कागदावर रीतसर लिहिलं. प्रमाणपत्रं लिहिण्यात आयुष्य गेलं, पण याला सकाळचे तीन तास लागले. अबोलीला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. तिने एक मात्रा बदलली, बाकी बिल्कुल ठीक म्हणाली.

"प्रमाणित किया जाता है कि श्री लखींदर सहनी इस मिल में सोलह वर्ष कार्यरत रहे. उनका काम और आचरण उत्तम रहा. उन्हें नौकरी से निकाला नहीं गया था. जो हुआ, उसमें गलती मेरी हिंदी की थी."

खाली सही, हुद्दा, मोहर. जेवणाच्या सुट्टीत टपरीच्या बाकावर त्याला दिलं. त्याने ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"साहब, ये 'हिंदी की' काट दीजिए."

"क्यों? सच तो वही है."

"सच है. लेकिन घर में कोई नहीं समझेगा. पूछेगा, हिंदी की गलती से आदमी कैसे निकल जाता है. 'गलती मेरी थी'. बस, इतना."

पिंपरीत शेकडो कामगारांकडून मी माफीपत्रं लिहून घेतली आहेत. बस उशिरा आली म्हणून, बायको आजारी होती म्हणून, मशीन जुनं होतं म्हणून. प्रत्येक पत्रातला तो 'म्हणून' मी लाल पेनाने खोडायला लावत असे. चूक माझी आहे, एवढंच लिहा, असं सांगायचो. किती जणांना सांगितलं, ते आठवत नाही.

मी पेन काढलं आणि ते दोन शब्द खोडले. खाडाखोड केली की बाजूला सही करायची असते, ती केली. लखींदरने ओळ पुन्हा वाचली, कागदाची घडी घालून आतल्या खिशात ठेवली आणि समोरच्या मिलचा भोंगा झाला तसा उठून कामावर गेला.